ताळेबंदाबाहेरचे बेल्लमपल्ली

आजारी कंपनी पुन्हा उभी राहते तेव्हा नेमके काय घडते, या प्रश्नाला व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात सहसा दोन उत्तरे मिळतात. पहिले नेतृत्वाचे: एक धडाडीचा अधिकारी आला, लोकांशी बोलला, विश्वास कमावला. दुसरे आकड्यांचे: खर्च घटला, यंत्रे आली, दर वाढले. गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातली सिंगरेणी कोलियरीज ही सरकारी कोळसा कंपनी १९९२ आणि १९९६ अशी दोनदा आजारी ठरून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे, म्हणजे बीआयएफआरकडे, गेली आणि तिथून नफ्यात आली. तिच्याबाबत ही दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. कंपनीच्या जुन्या गावांपैकी एक असलेल्या बेल्लमपल्लीतून पाहिले, तर तिसरे उत्तर दिसते. कामगारांच्या वतीने कोणी बोलायचे आणि मिळकतीतला वाटा कोणाला किती द्यायचा, या दोन गोष्टींचा निकाल लागल्यावरच कंपनी सावरली. मात्र त्या सावरण्याचा मोठा खर्च ज्या गावाने उचलला, त्याची नोंद तिच्या हिशेबात कुठेही नाही.

बेल्लमपल्ली पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ मध्ये तेलंगणाने जिल्ह्यांची फेररचना केली तेव्हा ते मंचिर्याल जिल्ह्यात गेले. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावर मंचिर्यालनंतर मंदमर्री, बेल्लमपल्ली, पुढे कागजनगर, मग विरूर, माणिकगड आणि बल्लारशा अशी स्थानके लागतात. महाराष्ट्राच्या बाजूला वर्धा खोऱ्याचा कोळसा, तेलंगणाच्या बाजूला गोदावरी खोऱ्याचा. भूस्तर एकाच मालिकेतले, खाणकामगारांचे जगणेही फारसे वेगळे नाही. १९५६ पर्यंत आदिलाबाद आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे ही कंपनी मराठी इतिहासालाही अगदी परकी नाही.

भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांना १८७१ मध्ये येल्लंदूच्या परिसरात कोळसा सापडला. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदलेल्या हैदराबाद डेक्कन कंपनीने खाणकामाचे हक्क मिळवले आणि १८८९ मध्ये येल्लंदूला उत्पादन सुरू झाले. २३ डिसेंबर १९२० रोजी सिंगरेणी कोलियरीज या नावाची कंपनी हैदराबादच्या कायद्याखाली नोंदली गेली आणि जुन्या कंपनीची मालमत्ता व देणी तिच्याकडे आली. विसाच्या दशकाच्या अखेरीस काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा होत असतानाच बेल्लमपल्लीच्या खाणी उघडल्या. १९४५ मध्ये निजाम सरकारने बहुसंख्य भाग विकत घेतले. १९५६ नंतर मालकी आंध्र प्रदेश सरकारकडे आली आणि १९६० पासून केंद्र सरकारही भागीदार झाले. आज तेलंगणा राज्याचा ५१ टक्के आणि केंद्राचा ४९ टक्के असा हिस्सा आहे. कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण सत्तरीच्या दशकात झाले, पण सिंगरेणी त्याआधीच सरकारी होती आणि कोल इंडियाच्या छत्राखाली ती कधीच गेली नाही. दोन सरकारे मालक असल्यामुळे तिच्या प्रत्येक मोठ्या निर्णयावर हैदराबाद आणि दिल्ली अशा दोन राजधान्यांची सावली पडते.

आजारी उद्योगांचा कायदा १९८५ चा. सरकारी कंपन्या त्याच्या कक्षेत १९९१ च्या अखेरीस आल्या आणि पुढच्याच वर्षी सिंगरेणी मंडळासमोर उभी राहिली. १९९६-९७ अखेर तिचा संचित तोटा १,२१९ कोटी रुपयांवर गेला होता. त्या काळात तिच्याकडे लाखाहून अधिक कामगार होते आणि वर्षाचे उत्पादन जेमतेम दोन-अडीच कोटी टन. १९९१-९२ या एका वर्षात चारशेहून अधिक संप झाले. एखाद्या खाणीत पाळीला कामगार उतरले आणि तासाभरात वर आले, असे कारण-अकारण घडत असे. कारखान्यात एक विभाग थांबला तर बाकीचे काही काळ चालू राहू शकतात. भूमिगत खाणीत वाहतूक, हवा, पाणीउपसा आणि आधार देण्याचे काम एकमेकांत गुंतलेले असते, म्हणून मूठभर माणसे थांबली की पूर्ण पाळी वाया जाते.

एवढे संप का होत होते, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर ‘बेशिस्त’ असे असते. ते चुकीचे आहे. खाणकामाच्या व्यवस्थापनाचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि स्वतः खाणीत काम केलेले केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये तो प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीत दोन-चार जणांची टोळी कोळसा फोडणे, भरणे, छताला आधार देणे ही सगळी कामे स्वतः करी. जोडीदार कोण हे तीच ठरवी आणि मोबदला एकत्र घेई. यंत्रांसह लाँगवॉल पद्धत आली, चाळीस-पन्नास माणसे तीन पाळ्यांत विखुरली आणि प्रत्येकाकडे कामाचा एकच तुकडा उरला. यंत्रे वाढली तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढले नाही. गैरहजेरी वाढली, एका पाळीने दुसरीवर दोष ढकलणे नित्याचे झाले. माणसांची रचना आणि यंत्रांची रचना एकाच वेळी आखावी लागते, हा व्यवस्थापनशास्त्रातला मूलभूत विचार या अभ्यासातून पुढे आला. कोळशाच्या खाणीत जन्मलेला हा विचार पुढे टॅव्हिस्टॉकच्याच ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कापड गिरणीत वापरून पाहिला. भारतीय व्यवस्थापन वर्गांत अहमदाबादचा प्रयोग शिकवला जातो. त्याच विचाराच्या प्रकाशात सिंगरेणीच्या संपांकडे मात्र क्वचितच पाहिले जाते.

बेल्लमपल्लीसारख्या ठिकाणी कोळसा भरणाऱ्या कामगाराची, म्हणजे फिलरची, मजुरी भरलेल्या टबांवर ठरे. टब वेळेवर आले नाहीत, वाहतुकीचा दोर तुटला किंवा सुरुंग उशिरा उडाला, तर काम करण्याची इच्छा असूनही त्याची कमाई बुडे. ज्या गोष्टींवर त्याची सत्ता नाही त्यांचा तोटा त्याच्या खिशातून जाई. त्यावर दाद मागायची तर अधिकृत वाट लांब होती आणि पाळी संपायच्या आत निकाल लावणारी एकच वाट होती, ती म्हणजे काम थांबवणे. पाठीशी संघटनाही डझनावारी होत्या. प्रत्येकीला आपले अस्तित्व दाखवायचे असल्याने छोट्या तक्रारीचा संप करायला कोणी ना कोणी तयारच असे. व्यवस्थापनाने एका संघटनेशी करार केला की दुसरी तो मोडायला उभी राही.

ही अवस्था एकाएकी आली नव्हती. बेकायदा संपाच्या एका दिवसासाठी आठ दिवसांचा पगार कापण्याच्या तरतुदीविरुद्ध १९८१ मध्ये सिंगरेणीत ५६ दिवसांचा संप झाला. प्रस्थापित संघटनांवरचा कामगारांचा विश्वास त्यात उडाला आणि नक्षलवादी चळवळीशी जोडलेली सिकासा ही संघटना त्याच सुमारास पुढे आली. बेल्लमपल्लीचा पट्टा तिच्या प्रभावाखालचा होता. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडले होते की संस्थेवर नाराज झालेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. खाणकामगाराला सोडून जाणे परवडत नाही, कारण त्याचे घर, मुलांची शाळा आणि दवाखाना हे सगळे कंपनीचे असते. म्हणून आवाजाचा मार्ग बंद पडला की तो नाहीसा होत नाही, फक्त बेकायदा होतो. आठ दिवसांच्या पगारकपातीने संप थांबले नाहीत ते यामुळे.

१९९७ मध्ये ए. पी. व्ही. एन. शर्मा हे सनदी अधिकारी अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणून आले. त्यांच्या काळात वेगवेगळ्या विभागांतल्या अधिकाऱ्यांची पथके खाणीखाणीवर गेली. एक टन कोळसा काढायला किती खर्च येतो, तो किती रुपयांना विकला जातो आणि संपाच्या एका पाळीची किंमत काय, हे कामगारांसमोर मांडले गेले. कामगारांच्या घरच्या माणसांपर्यंत, विशेषतः त्यांच्या पत्नींपर्यंत, कंपनीची स्थिती पोहोचवण्यात आली. कामगार कुटुंबांसाठी सिंगरेणी सेवा समितीसारखे उपक्रम उभे राहिले. तोवर व्यवस्थापनाने राखून ठेवलेली माहिती वाटली गेली, आणि व्यवस्थापनशास्त्रात याला योग्य महत्त्व दिले जाते. परंतु केवळ माहिती दिल्याने कोणी संप सोडत नाही. कंपनी बुडते आहे हे ऐकल्यावर कामगार विचारतो की वाचली तर आमचे काय, आणि आमच्या वतीने शब्द देणारा कोण? यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ९ सप्टेंबर १९९८ रोजी मिळाले.

त्या दिवशी सिंगरेणीत मान्यताप्राप्त संघटना निवडण्यासाठी सर्व कामगारांचे गुप्त मतदान झाले. केंद्रीय कामगार यंत्रणेच्या देखरेखीखाली झालेल्या या निवडणुकीत आयटकशी संलग्न संघटना जिंकली. पुढे २००३ मध्ये इंटक, २००७ मध्ये पुन्हा आयटक, २०१२ आणि २०१७ मध्ये तेलंगणा बोग्गु गनी कार्मिक संघम आणि २७ डिसेंबर २०२३ च्या मतदानात पुन्हा आयटक अशी सत्ता फिरत राहिली. हरणारी संघटना पुढच्या निवडणुकीची तयारी करू लागली, कारण जिंकण्याचा मार्ग उघडा होता. जिंकणारीला करार पाळून दाखवावा लागला, कारण हरण्याची भीती खरी होती. संप संपले असे नाही. २०११ च्या सकल जनुल सम्मेत, म्हणजे सर्व जनांच्या संपात, स्वतंत्र तेलंगणासाठी खाणी महिनाभराहून अधिक काळ थंडावल्या. डिसेंबर २०२१ मध्ये चार कोळसा क्षेत्रांच्या लिलावाविरुद्ध तीन दिवसांचा संप झाला. पण हे संप जाहीर, एकत्रित आणि ठरावीक मागणीचे होते. टबांवरून सकाळी उठून दुपारी संपणारे रोजचे संप मागे पडले.

मराठी वाचकाला या मतदानाचे मोल कळावे म्हणून मुंबईकडे पाहणे आवश्यक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाला एकट्याला होता. कामगार होते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. ज्याच्याशी मालक बोलू शकत होते त्याच्याजवळ कामगार नव्हते आणि ज्याच्याजवळ कामगार होते त्याच्याशी बोलणे मालकांवर बंधनकारक नव्हते. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. गिरण्यांच्या बंद होण्याला यंत्रमाग, जुनी यंत्रे आणि जमिनीचे भाव अशी आणखी कारणे होती, ती नाकारता येत नाहीत. पण खरा प्रतिनिधी कोण हे मतपेटीतून ठरवता आले असते, तर त्या संपाचा शेवट वाटाघाटीच्या टेबलावर होण्याची निदान शक्यता होती. महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यता कायद्यानेही सभासद संख्येची पडताळणी हाच निकष धरला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणारी एकमेव संघटना ठरवण्यासाठी हजेरीपटावरच्या कामगारांपैकी ५१ टक्क्यांचा पाठिंबा हा निकष आहे. गुप्त मतदान हाच पाठिंबा मोजण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, आणि सिंगरेणीचा अनुभव त्याचा भक्कम पुरावा आहे.

आता वाट्याचा प्रश्न. सिंगरेणीत नफ्यातला ठरावीक टक्का कामगारांना देण्याची प्रथा १९९० च्या दशकाच्या अखेरीस, कंपनी सावरू लागली तेव्हा, सुरू झाली. सुरुवातीला दहा टक्क्यांच्या आसपास असलेला हा वाटा २०१३-१४ मध्ये २० टक्के, २०१६-१७ मध्ये २५ टक्के, २०२१-२२ मध्ये ३० टक्के आणि २०२३-२४ मध्ये ३३ टक्क्यांवर गेला. २०२३-२४ चा निव्वळ नफा ४,७०१ कोटी रुपये होता. त्यातले २,२८९ कोटी विस्तारासाठी बाजूला ठेवून उरलेल्या २,४१२ कोटींवर ३३ टक्के धरण्यात आले. त्यातून कायम कामगारांना सुमारे ७९६ कोटी मिळाले, सरासरीने प्रत्येकी १ लाख ९० हजार. भारतातल्या सार्वजनिक उद्योगांत हे प्रमाण असामान्य आहे.

नफावाटपावर अर्थशास्त्राचा एक जुना आक्षेप आहे. चाळीस हजार माणसांत नफा वाटायचा, तर एकाने जास्त राबून वाढवलेल्या रुपयातला फारच छोटा अंश त्याच्या पदरी पडतो. मग तो जास्त राबेल कशासाठी? कागदावर हा आक्षेप बिनतोड आहे. सिंगरेणीत तो खरा ठरला नाही, कारण खाणीत प्रश्न जास्त राबण्याचा नव्हता, न थांबवण्याचा होता. एकाने काम थांबवले की शेकडोंचे नुकसान होते, ते समोर दिसते आणि वर्षअखेरीच्या रकमेतून कापले जाते. वाटपात हजेरीचा विचार होत असल्यामुळे हा संबंध आणखी ठळक होतो. नफ्याच्या वाट्याने कामगार अधिक कष्टाळू झाला असे म्हणता येणार नाही. आपल्या शेजाऱ्याच्या कारण-अकारण संपाचा तो हिशेब मागू लागला, एवढे मात्र म्हणता येते.

या व्यवस्थेत एक धोका आहे. टक्का किती, हे दरवर्षी दसऱ्याच्या तोंडावर राज्याचे मुख्यमंत्री जाहीर करतात. सामूहिक वाटाघाटीतून मिळायला हवा तो हक्क सत्ताधाऱ्याची देणगी होऊन बसतो. २०१२ नंतर संघटनांच्या निवडणुकाही राज्याच्या राजकारणाच्या लाटेवर हलू लागल्या. आवाज मिळवण्यासाठी उभी केलेली यंत्रणा पक्षांच्या हाती गेली, तर १९८१ ची दरी पुन्हा पडायला वेळ लागणार नाही.

पुनरुज्जीवनाचे श्रेय केवळ मतपेटी आणि वाट्याला देणे हाही अन्याय होईल. दोन मोठी कारणे कंपनीबाहेरची होती. कोळशाचे दर सरकार ठरवीत असे, आणि भूमिगत खाणींतल्या खर्चाशी त्यांचा मेळ बसत नव्हता. १९९६ पासून वरच्या प्रतींवरचे आणि २००० च्या आरंभी सर्वच प्रतींवरचे दरनियंत्रण उठले. मंडळाकडे गेलेल्या कंपनीला केंद्र व राज्य सरकारांनी कर्जफेडीत सवलतही दिली. दुसरे कारण खुल्या खाणींचे. सिंगरेणीची पहिली खुली खाण १९७५ मध्ये रामगुंडमला सुरू झाली होती. नव्वदीनंतर नवे उत्पादन प्रामुख्याने अशाच खाणींतून येऊ लागले आणि आज बहुतेक कोळसा तिथूनच निघतो. खुल्या खाणीत एका टनामागे माणसे फार कमी लागतात. म्हणूनच १९९० च्या आसपास लाखावर असलेले कायम कामगार २०२३-२४ मध्ये ४२ हजारांच्या घरात आले, आणि त्याच वर्षी उत्पादन सात कोटी टनांवर गेले.

बेल्लमपल्लीची कहाणी या वाक्याच्या पोटात आहे. गावाच्या खाणी जुन्या आणि भूमिगत होत्या. कोळसा संपत गेला किंवा काढणे महाग होत गेले, तसतशा त्या बंद होत गेल्या. कार्यालये हलली. कंपनीच्या नकाशावर बेल्लमपल्ली एरिया हे नाव अजून आहे, पण त्याचे मुख्य कार्यालय गोलेटीला, शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात आहे. एरियाचे उत्पादनही मुख्यतः तिकडच्या खुल्या खाणींतून येते. गावालगतच्या शांतिखनीचा कारभार मंदमर्री एरियाकडे आहे. २००१ आणि २०११ या दोन जनगणनांच्या दरम्यान, तेलंगणातली बहुतेक शहरे वाढत असताना, बेल्लमपल्लीची लोकसंख्या घटली. निवृत्त झालेले कामगार उरले, त्यांची मुले गोदावरीखनी, मंचिर्याल आणि हैदराबादकडे गेली. कंपनीच्या जमिनीवर घरे करून राहिलेल्यांचा मालकीचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. त्यांना हक्क देण्याचा निर्णय सरकारने घेतला तो खाणी बंद झाल्यावर कित्येक वर्षांनी.

एका उद्योगावर उभे असलेले गाव म्हणजे एकाच खांबावरचा मांडव. खांब काढून नेणाऱ्याने मांडवाची व्यवस्था लावली पाहिजे, ही अपेक्षा साधी आहे आणि कायदा ती पूर्ण करत नाही. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी स्वतंत्र खात्यात पैसे ठेवणे सक्तीचे केले. त्यात खड्डा भरणे, माती पसरणे, झाडे लावणे यांवर भर होता. बाजार, शाळा, दवाखाना आणि निवृत्तांच्या वस्तीचे काय, यावर फारसे काही नव्हते. २०१३ च्या कंपनी कायद्यातला सामाजिक जबाबदारीचा दोन टक्क्यांचा नियम आणि २०१५ चा जिल्हा खनिज निधी हे उपाय चालू खाणींच्या नफ्यावर आणि रॉयल्टीवर उभे आहेत. म्हणजे गावाला पैशाची सर्वांत मोठी गरज लागते तेव्हा, खाण बंद झाल्यावर, त्याच्या नावाने येणारा ओघ आटलेला असतो. बेल्लमपल्लीच्या बहुतेक खाणी हे नियम येण्याच्या आधीच बंद झाल्या, त्यामुळे एवढेही संरक्षण त्याला मिळाले नाही. शेजारच्या कागजनगरने हीच वेळ वेगळ्या रीतीने पाहिली. तिथली सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये थांबली आणि २०१८ मध्ये जेके पेपरकडे जाऊन पुन्हा सुरू झाली. कारखाना विकत घेणारा सापडू शकतो, रिकाम्या झालेल्या खाणीला तो सापडत नाही.

येथे व्यवस्थापनशास्त्राच्या पद्धतीचाच प्रश्न येतो. संचित तोटा भरून निघाला, दरडोई उत्पादन कित्येक पटींनी वाढले, हे सिंगरेणीचे यश मोजताना ज्यांना मोजले ते कायम कामगार. मातीचे थर काढणे, वाहतूक, देखभाल अशी कामे कंत्राटदारांमार्फत करणारी माणसे या भागाकारात येत नाहीत. २०२४ च्या दसऱ्याआधी नफावाटपात कंत्राटी कामगारांचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा सुमारे २५ हजार जणांना प्रत्येकी ५ हजार रुपये मिळाले. त्यांना संघटनांच्या मान्यतेच्या निवडणुकीत मत नाही. नव्वदीत ज्या दोन उपायांनी कंपनी वाचली, आवाज आणि वाटा, त्या दोन्हींच्या जवळजवळ बाहेर आज तिच्या मनुष्यबळाचा तिसऱ्या भागाहून मोठा हिस्सा आहे. एकेकाळी लाखभर कायम कामगारांच्या बाबतीत जी चूक झाली, तीच आता कंत्राटी कामगारांच्या बाबतीत होते आहे. व्यवस्थापनाला हे कळायला पुन्हा चारशे संपांची वाट पाहायची गरज नाही.

यावर सांगितले जाते की कंपनीचे काम कोळसा काढणे आहे, गाव चालवणे नाही. हा युक्तिवाद गंभीरपणे घ्यायला हवा. कंपनीने प्रत्येक बंद खाणीचे गाव कायमचे पोसायचे ठरवले, तर ती पुन्हा आजारी पडेल आणि चालू खाणींतल्या कामगारांचे नुकसान होईल. पण बेल्लमपल्ली हे गाव कंपनीच्या बाजूला योगायोगाने वसले नव्हते. कामगार खाणीजवळ राहावा, पाळीला वेळेवर यावा, सोडून जाऊ नये, म्हणून कंपनीनेच वसाहती, शाळा आणि रुग्णालये उभी केली. गाव हा उत्पादनाच्या यंत्रणेचा भाग होता. यंत्राचा घसारा ताळेबंदात दरवर्षी धरला जातो, मग गावाचा का नाही? खाण चालू असताना प्रत्येक टनामागे एक लहान रक्कम गावाच्या पुढच्या अर्थव्यवस्थेसाठी, तिथल्या नगरपालिकेच्या सहभागाने चालणाऱ्या निधीत टाकणे, हे लेखाशास्त्राच्या दृष्टीने अवघड नाही. पन्नास-साठ वर्षांच्या खाणीत तो निधी पुरेसा मोठा होतो. कंपनी मंचिर्याल जिल्ह्यातच जैपूरला १,२०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभारू शकली, ओडिशातला नैनी कोळसा पट्टा २०२५ मध्ये सुरू करू शकली. दूरदृष्टी तिच्याकडे आहे, फक्त ती अजून कोळशापुरती राहिली आहे.

लोहमार्गाने राज्याची सीमा ओलांडली की हाच प्रश्न मराठी जिल्ह्यांत उभा राहतो. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतल्या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, आहेत. कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. बल्लारपूर, घुग्घुस, वणी, उमरेड ही गावे बेल्लमपल्लीसारखीच खाणींवर वाढली, आणि तिथेही जुन्या भूमिगत खाणींतले उत्पादन घटत असताना खुल्या खाणी आणि कंत्राटी काम वाढते आहे. वरोऱ्याची खाण तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच बंद झाली, म्हणजे बंद खाणीचे गाव ही गोष्ट या भागाला शंभर वर्षांहून जुनी आहे. नागपूर आणि चंद्रपूरच्या व्यवस्थापन महाविद्यालयांत मात्र अजूनही अमेरिकन मोटार कंपन्यांच्या पुनरुज्जीवनाच्या केस शिकवल्या जातात. त्या शिकवाव्यात. त्यांच्या जोडीला एका सत्रासाठी विद्यार्थ्यांना काझीपेठकडे जाणाऱ्या गाडीत बसवून बेल्लमपल्लीला उतरवावे, मान्यतेच्या निवडणुकीत मत दिलेल्या निवृत्त फिलरशी आणि मत नसलेल्या कंत्राटी चालकाशी बोलायला सांगावे, आणि परत आल्यावर वणी किंवा उमरेडच्या एका खाणीचा असा ताळेबंद लिहायला लावावा, ज्यात गावाच्या नावाचा एक स्तंभ असेल.